लाल शाईचा शेरा

बी.एड.च्या वर्षातली माझी पाठ-टाचणांची वही अजून कपाटात आहे. कव्हर फाटलंय, कडा पिवळ्या पडल्यात. प्रत्येक पाठाखाली मार्गदर्शकांनी लाल शाईत लिहिलेला शेरा आहे. ‘फलकलेखन तिरपे.’ ‘मागच्या बाकांकडे दुर्लक्ष.’ ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’ असे कितीतरी. त्यांतला एक शेरा मात्र मी त्या काळात भेटेल त्याला दाखवत होतो. मित्रांना दाखवला, अब्बांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवला. ‘उच्चार शुद्ध. भाषा प्रमाण. अभिनंदन.’

या चार-पाच शब्दांनी माझ्यातल्या मास्तराचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दुसऱ्या कशानं केलं नसेल. ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. घरात बोली दखनी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असते तशीच. मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. मराठीतला ‘च’ उचलून आम्ही ‘तुमीच’, ‘मैंच’ म्हणतो. पण या बोलीत मराठीतल्या दोन गोष्टी नाहीत. एक ‘ळ’ आणि दुसरं नपुंसकलिंग. त्यामुळे आमची पोरं शाळेत गेली की त्यांचा दूध सांडतो, त्यांची पुस्तक हरवते आणि त्यांची शाळा ही ‘शाला’ असते.

मी चौथीत असताना गुरुजींनी मला उभं करून निबंध वाचायला लावला होता. विषय ‘माझी शाळा’. पहिल्याच ओळीत मी ‘माझी शाला’ म्हणालो. वर्ग हसला. गुरुजीही हसले. माणूस वाईट नव्हता, सहज हसला असेल. पण पुढं दोन वर्षं माझं नाव ‘शाला’ पडलं. त्या संध्याकाळी दुकानाच्या मागं जुन्या टायरांच्या ढिगावर बसून मी जीभ वळवायला लागलो. फळा, शाळा, डोळा, केळी, नळ, मळा. अब्बा म्हणाले, “क्या बडबड कर रा रे?” मी काही बोललो नाही. महिनाभरात ‘ळ’ आला. मग मी घरातल्यांच्या मागं लागलो. अम्मानं रोजच्यासारखं विचारलं, “शाला छूटी क्या रे?” मी म्हणायचो, “अम्मा, शाला नै, शाळा बोल.” ती हसून प्रयत्न करायची आणि पुन्हा ‘शाला’च म्हणायची. मला तिचा राग यायचा. आज तो राग आठवला की लाज वाटते.

2003 साली सीईटी देऊन बी.एड.ला लागलो. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. अध्यापन पद्धती दोन घेतल्या, मराठी आणि इतिहास. सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं झाली. ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांना हसू येईल, बाकीच्यांसाठी सांगतो. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारण्याचं, स्पष्टीकरणाचं, प्रबलनाचं, फलकलेखनाचं. सहा मिनिटं शिकवायचं. मग सहा मिनिटं तुमचे दोष सांगितले जाणार. बारा मिनिटांत पाठ पुन्हा बसवायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. छत्तीस मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात आपलेच वर्गमित्र. पंचवीस-सत्तावीस वर्षांचे बाप्ये आठवीतल्या पोरांसारखे हात वर करतात आणि तुम्हाला जे उत्तर हवं तेच देतात. कुणी अडखळत नाही, कुणी घाबरत नाही. आज मला ती या पद्धतीतली मोठी उणीव वाटते. प्रश्न कसा विचारायचा ते आम्ही शिकलो. पण उत्तर न येणाऱ्या मुलासमोर कसं उभं राहायचं, ते शिकवायला तिथं असं मूलच नव्हतं.

तरी त्या वर्षाला मी नावं ठेवणार नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, प्रश्न आधी विचारावा आणि नाव नंतर घ्यावं, ‘समजलं का?’ हा प्रश्नच नव्हे, या साध्या गोष्टी मला तिथं कळल्या. आजही त्या उपयोगी पडतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळांमधले सराव पाठ सुरू झाले. 2003 चा नोव्हेंबर. रमजान चालू होता. रोज्यात सलग दोन पाठ घेतले की घसा कोरडा पडायचा. एका पाठाला आमचे मार्गदर्शक सर मागच्या बाकावर वही घेऊन बसले होते. पाठ रंगला. संपल्यावर सरांनी चहा मागवला. रोजा आहे म्हटल्यावर ओशाळले, माझ्यासमोर स्वतःही प्यायले नाहीत. मग वहीत तो शेरा लिहिला आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुमच्या बोलण्यावरून तुम्ही मुसलमान आहात असं अजिबात वाटत नाही हो!” 

त्यांनी हे कौतुकानं म्हटलं आणि मीही ते कौतुक म्हणूनच घेतलं. असं वाक्य ऐकलं नाही, असा मराठीत लिहिणारा-बोलणारा मुसलमान मला अजून भेटायचाय. त्यातली बोच मला कळायला दोन वर्षं लागली. टायरांच्या ढिगावर बसलेल्या पोराला त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की आपण पास झालो.

2004 मध्ये पदवी हातात पडली आणि मुलाखतींचे हेलपाटे सुरू झाले. संस्थांच्या मुलाखतीत काय काय विचारतात, ते इथं सांगत बसत नाही. एक प्रश्न मात्र जवळजवळ सगळीकडे आला. “मराठी शिकवणार? मग उर्दू शाळेत का नाही बघत?” मला उर्दू वाचता येत होतं ते मौलवीसाहेबांकडे गिरवलं होतं तेवढंच. मी मराठीत एम.ए. केलं होतं. सोलापुरातच 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. बार्शीत जन्मलेल्या अमर शेखांच्या डफावर महाराष्ट्र डोलला होता. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठी संतसाहित्यात मानानं घेतला जातो. हे सगळं त्या टेबलापलीकडच्या माणसांना सांगावं असं वाटायचं. पण नोकरी हवी असलेला माणूस मुलाखतीत भाषण देत नाही. मी एवढंच म्हणायचो, “सर, माझे उच्चार ऐकून बघा.”

शेवटी 2005 च्या जूनमध्ये सोलापूर शहरातल्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. ही योजना 2000 साली सुरू झाली होती. तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढायची, मग कायम. मानधन इतकं कमी की अब्बा गमतीनं म्हणायचे, “तेरेसे जादा मैं पंक्चर में कमाता.” माध्यमिकच्या सेवकाचं मानधन 2023 मध्ये अठरा हजारांवर गेलं, ते वाचून मला आमचे ते दिवस आठवले. 

शाळा कामगार वस्तीतली. यंत्रमागांचा खडखडाट वर्गात ऐकू यायचा. मला आठवी ‘ब’चं मराठी मिळालं. कॅटलॉगवर बासष्ट मुलं. बाप मागावर, आई विड्या वळणारी, अशी निम्मी-अधिक. मी उत्साहानं फुललेलो होतो. टाचण रोज लिहायचो, तक्ते स्वतः रंगवायचो. आणि उच्चारांवर माझा फार कटाक्ष होता. माझी ओळखच ती होती ना!

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. नाव लिहीत नाही. हुशार होती, वही नीटनेटकी, बोटांना तंबाखूचा वास. आईला विडीची पानं कातरून देऊन शाळेत यायची. मी आपल्यातला, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. शाळेबाहेर कधी दिसली तर हळूच ‘सलाम, सर’ म्हणायची. वर्गात मात्र इतरांसारखं ‘नमस्ते’.

डिसेंबरात एके दिवशी मी तिला धडा मोठ्यानं वाचायला सांगितला. ती उभी राहिली आणि वाचू लागली. ‘सकाल’, ‘आभाल’, ‘मल्यात’. मी प्रत्येक शब्दाला थांबवलं. पुढं ‘वेळ’ आला. ती ‘वेल’ म्हणाली. मी फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. सुंदर, सरळ ओळीत. फलकलेखन बिनचूक. “वेल म्हणजे काय? दोडक्याचा असतो तो. मग तुला वाचायला वेल लागतो की वेळ लागतो?” वर्ग खदखदून हसला. मला ते हसू आवडलं. वर्ग आपल्या हातात आहे असं वाटलं. “म्हण पाच वेळा, वेळ, वेळ.” तिनं प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी तिचा आवाज बसला. मी म्हटलं, “बस. घरी सराव कर. मीसुद्धा केलाय.” यातलं शेवटचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नसणार.

नंतर ती वाचायला उठेना. नाव घेतलं की मान खाली. डिसेंबर सरता सरता शाळेत यायची बंद झाली. बासष्ट मुलांत एक गैरहजर, माझ्या लक्षातही आलं नाही.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. मुख्याध्यापकांनी मला बोलायला लावलं. मी फातिमाविषयी बोललो. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, की आपल्या आजारपणामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही. दीडशे वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई मुलींच्या शिक्षणासाठी राबत होती, तिचा वारसा आपण चालवायचाय, असं मी मुठी आवळून सांगितलं. टाळ्या पडल्या. 

स्टाफरूममध्ये आल्यावर मराठीच्या ज्येष्ठ बाईंनी मला शेजारी बसवलं. निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेली बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाल्या, “भाषण चांगलं झालं, सर. तुमच्या वर्गातली ती पोरगी किती दिवस येत नाही, माहिताय का?” मी कॅटलॉग उघडला. नावासमोर नऊ दिवस गैरहजेरीच्या खुणा होत्या. त्या मीच केल्या होत्या.

संध्याकाळी पत्ता शोधत गेलो. पत्र्याची खोली. दारात तिची आई सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत होती. मला बघून उठली, पदर घेतला, सतरंजी टाकली. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. मी नेहमीची वाक्यं म्हटली. शिक्षण महत्त्वाचं आहे, दहावीपर्यंत तरी, वगैरे. बाईनं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, “सर, दुसरा कोई हसता तो चलता था. तुमे अपने हो. तुमीच सबकू हसाये.”

मला उत्तर सुचलं नाही. चहा आला, तो पिऊन उठलो. परत येताना ते ‘तुमीच’ कानात घुमत होतं. चौथीतले गुरुजी सहज हसले होते. त्यांना माहीत नव्हतं की ‘ळ’ कुठून आणि कसा आणावा लागतो. मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं. आणि का केलं, तेही त्या रात्री कळलं. वर्गासमोर तिला दुरुस्त करताना मी तिच्यापासून वेगळा आहे, हे दाखवत होतो. ‘मुसलमान वाटत नाही’ हे प्रशस्तिपत्र रोज नव्यानं मिळवत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. म्हणाल्या, “ऑफ तासाला माझ्या वर्गात येऊन बसा.” आठ तास मी मागच्या बाकावर बसलो, या वेळी वही न घेता. माझं खरं प्रशिक्षण हे. 

बाई मुलांना मध्ये थांबवत नसत. पोरगं म्हणायचं, “बाई, त्यानं माझी पुस्तक घेतली.” बाई म्हणायच्या, “हो का? तुझं पुस्तक घेतलं? कुठलं पुस्तक, निळं?” बस. चूक सांगितली नाही आणि बरोबर रूप दोनदा कानावर पडलं. दुसरी गोष्ट, प्रश्न विचारून त्या गप्प उभ्या राहत. इतकं गप्प की मलाच अस्वस्थ व्हायचं. आणि मग एखादं कधी न बोलणारं मूल बोलायचं. पुढं काही वर्षांनी एका सेवांतर्गत प्रशिक्षणात कळलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात, आणि न बोलणारी मुलं बोलू लागतात. आमच्या बाईंनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मी ज्या वर्षी नोकरीला लागलो, त्याच 2005 साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात मान हवा, तिच्यावरच पुढची भाषा उभी राहते, असा त्याचा आग्रह होता. माझ्यापर्यंत तो फार उशिरा आला. आधी आली ती विड्या वळणारी एक बाई.

मग मी एक केलं. आठवी ‘ब’च्या फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शाला’ लिहिलं आणि म्हटलं, हे माझं नाव होतं. चौथीची सगळी गोष्ट सांगितली, टायरांच्या ढिगासकट. मुलं हसली, पण या वेळी माझ्यावर. नंतर विचारलं, तुमच्या घरी आईला जेवायला वाढ कसं म्हणतात? एकेक हात वर होऊ लागला. तेलुगू आली, कन्नड आली, दखनी आली, वडारी आली, कैकाडी आली. आणि जी मुलं मराठी घरांतली होती त्यांचंही ‘न्हाई’ आणि ‘पानी’ होतं. पुस्तकातली मराठी जशीच्या तशी घरी बोलणारी मुलं बासष्टात पाच-सहा निघाली. म्हणजे माझी ‘प्रमाण भाषा’ त्या सगळ्यांनाच शिकायची होती. मी एकटीलाच का उभं केलं होतं?

एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. प्रमाण मराठी शिकवायचीच नाही, असं मी म्हणत नाही. आपल्या मुलांना ती आलीच पाहिजे. अर्ज, परीक्षा, मुलाखत, कोर्ट-कचेरी सगळीकडे ती लागते, आणि ती येत नाही म्हणून आपलं किती अडतं हे मला वेगळं सांगायला नको. पण ती मुलाच्या हातात द्यायची असते, त्याच्या अंगावर फेकायची नसते. आणि ती घेताना त्याला आईच्या बोलीची लाज वाटू लागली, तर आपण एक भाषा देऊन एक काढून घेतली.

ती मुलगी परत आली. बाईंनी आणि मी पुन्हा एकदा जाऊन तिच्या आईशी बोललो, तेव्हा. तिच्यासमोर मी चूक कबूल केली. तिनं ऐकलं, मान हलवली. मराठीत चांगले मार्क मिळवले. पण त्या वर्षी तिनं वर्गात मोठ्यानं वाचलं नाही. नववीतही नाही. नववीनंतर बापाला भिवंडीला मागावर काम लागलं आणि कुटुंब गेलं. दाखला न्यायला ती आईबरोबर आली होती. ‘सलाम, सर’ म्हणाली. तिथल्या शाळेत नाव घातलं की नाही, पुढं कधी तिनं चार लोकांत उभं राहून काही वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. शिक्षकाच्या काही चुका अशाच राहतात. त्यांचा दुसरा पाठ घ्यायला सहा मिनिटं मिळत नाहीत.

आता वीस वर्षांहून अधिक झाली. बाई निवृत्त झाल्या. बी.एड. 2015 साली दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचा काळ वाढला. छात्रशिक्षक आमच्याकडे येतात. मागच्या बाकावर लाल पेन घेऊन बसायची पाळी आता माझी आहे. मध्यंतरी एक छात्राध्यापिका एका पोराला ‘फूल तोडला’वरून अडवत होती. पाठ फार नेटका होता. शेऱ्याच्या जागी काय लिहावं, बराच वेळ कळेना. ‘उच्चार शुद्ध’ असं लिहिता आलं असतं, खरंच शुद्ध होते. शेवटी लिहिलं, ‘मुलाचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे.’ आणि चहा पिताना तिला ही गोष्ट सांगितली, जी आज तुम्हाला सांगितली.

अब्बा गेले. दुकान बंद झालं. अम्मा आता माझ्याकडे सोलापुरात असते. संध्याकाळी दारात चप्पल वाजली की आतून विचारते, “शाला छूटी क्या रे?”

“छूटी, अम्मा,” मी म्हणतो.